टॅक्सीडर्मीतून कपड्यांचे कलेक्शन: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

टॅक्सीडर्मी म्हणजे मेलेल्या प्राण्याची कातडी साच्यावर बसवून तो जिवंत भासेल असा घडवण्याची कला. तिच्यापासून प्रेरणा घेऊन कपड्यांचे कलेक्शन कसे घडवावे, हे शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. तो घ्यावा की घेऊ नये, अशी विचारणा करणाऱ्यांसाठी हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. चालकांनी काही भाग नव्याने चित्रित करण्याचे ठरवले असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. मात्र याच विषयावरचा दुसरा एखादा अभ्यासक्रम पारखतानाही पुढील मुद्दे उपयोगी पडतील. रचना नेहमीचीच आहे. ध्वनिचित्रित पाठ, आठवड्यातून एकदा थेट वर्ग, घरपोच येणारी साहित्याची पेटी आणि शेवटी प्रत्येकाने सादर करायचे सहा पोशाखांचे छोटे कलेक्शन असे तिचे स्वरूप आहे. पॅटर्न, म्हणजे कापड कापण्याचा कागदी आराखडा, काढता येणे, मांजरपाटावर नमुना शिवून फिटिंग तपासता येणे आणि शिवणयंत्रावर हात बसलेला असणे एवढी तयारी गृहीत धरली आहे आणि ती तशी धरणे रास्तच आहे.

माझे मत आधीच सांगतो. पॅटर्न आणि शिवणकाम यांवरचे मधले दोन भाग उत्कृष्ट आहेत, इतिहासाचा पहिला भाग विस्कळीत आहे आणि खऱ्या प्राणिज साहित्याविषयीची माहिती इतकी तोकडी आहे की तिला निष्काळजीपणाच म्हणावे लागेल.

या विषयाकडे वळणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी मुंडकी येतात: खांद्यावर कोल्हा, छातीवर पक्षी, टोपीवर शिंगे. अभ्यासक्रमाचे खरे मोल असे की, तो विद्यार्थ्याची नजर मुंडक्यावरून काढून आतल्या साच्याकडे नेतो. शिंप्यापुढे शरीर तयार असते आणि त्याला त्यावर बसेल असे आवरण बनवायचे असते. टॅक्सीडर्मी करणाऱ्याच्या हातात आवरण तयार असते आणि त्यात मावेल असे शरीर त्याला घडवावे लागते. कातडी कापून लहान करता येत नाही, जोड देऊन वाढवणेही जवळपास अशक्य असते, त्यामुळे मापातली प्रत्येक चूक आतल्या साच्यावरच दुरुस्त करावी लागते. हे उलटे गणित एकदा उमगले की, कपड्याच्या शिवणी नेमक्या कुठे आणि कशासाठी असाव्यात, हा रोजच्या सवयीने बोथट झालेला प्रश्न पुन्हा जागा होतो.

इतिहासाच्या भागात हे गणित उलगडून दाखवायला भरपूर वाव होता. तो वाया गेला आहे. १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हर्मान प्लुके या टॅक्सीडर्मी कारागिराने माणसांसारखे वागताना दाखवलेले पेंढा भरलेले प्राणी मांडले होते आणि पुढे वॉल्टर पॉटर याने कपडे व दागिने घातलेल्या मांजरीच्या पिलांचे लग्न लावून दाखवले, ही दोन्ही उदाहरणे पाठात फार वेळ घेतात. चित्रे गमतीची आहेत, हे खरे. प्राण्यांना चढवलेले कपडे पाहून कपड्यांत प्राणी कसा आणावा हे मात्र फारसे कळत नाही. त्या मानाने कार्ल एकली या कारागिराला मिळालेला वेळ अगदीच थोडा आहे आणि फॅशनच्या विद्यार्थ्याला उपयोगाचा माणूस खरे तर तोच आहे. त्याच्या आधी सर्रास चालणारी पद्धत म्हणजे कातडी शिवून तिच्यात पेंढा किंवा लाकडाचा भुसा ठासून भरणे. असा प्राणी फुगतो, त्याच्या स्नायूंचे उंचवटे नाहीसे होतात आणि कंबर व मान एकाच जाडीची दिसू लागतात. एकलीने आधी हाडांच्या आधारावर मातीत स्नायूंसकट पूर्ण शरीर घडवले, त्यावरून प्लास्टरचा साचा घेतला, त्या साच्यात कागदाच्या लगद्याचे थर देऊन हलके, पोकळ शरीर तयार केले आणि मग त्यावर कातडी बसवली. अमेरिकेतील मिलवॉकीच्या संग्रहालयातील १८९०चा त्याचा कस्तुरी उंदरांचा देखावा आजही तिथे आहे आणि न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील आफ्रिकी प्राण्यांचे दालन त्याच्या मृत्यूनंतर, १९३६ साली, खुले झाले.

या पद्धतीचा कपड्यांशी थेट संबंध आहे. फुगीर खांदा करायचा म्हणून आत भरपूर स्पंज कोंबला की तो खांदा पेंढा भरलेल्या वाघासारखाच निर्जीव दिसतो. तोच खांदा कॅनव्हास, घोड्याच्या केसांचे कापड आणि फेल्ट यांचे थर हाताने टाके घालून उभा केला, तर त्याला हाडामांसाचा आकार येतो. पाठ्यक्रमात हा दुवा कुठेच जोडलेला नाही. थेट वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले तेव्हा शिक्षकांनी त्याचे सुंदर विवेचन केले, पण ते ध्वनिमुद्रणात नाही.

फॅशनमधील पूर्वसुरींचा पाठ मात्र चांगला आहे. १८८६ साली पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन याने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बायकांच्या ७०० टोप्या मोजल्या आणि त्यांतील ५४२ टोप्यांवर पक्षी किंवा पक्ष्यांची पिसे त्याला आढळली, या नोंदीपासून पाठ सुरू होतो. बगळ्यांचे तलम तुरे विणीच्या हंगामातच येत असल्याने शिकारही त्याच हंगामात होई, थोरले पक्षी मारले जात आणि पिले घरट्यातच उपाशी मरत, हे कारण शिक्षक नीट समजावून सांगतात. इंग्लंडमध्ये १८८९ साली आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १८९६ साली पक्षिरक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या त्या याच व्यापाराविरुद्ध, आणि दोन्ही ठिकाणी पुढाकार स्त्रियांचा होता. टोप्या विकत घेणाऱ्या वर्गातूनच विरोध उभा राहिला, ही बाब आजच्या डिझायनरने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर दोन आधुनिक उदाहरणे समोरासमोर ठेवली आहेत. ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या २००१च्या वसंत-उन्हाळी कलेक्शनमध्ये एका पोशाखावर भरलेले शिकारी पक्षी असे बांधले होते की ते मॉडेलवर झेपावत आहेत असे वाटावे. स्कियापारेली या फॅशन हाउससाठी डॅनियल रोझबेरी याने जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसमध्ये सादर केलेल्या कलेक्शनमध्ये सिंह, लांडगा आणि हिमबिबट्या यांची डोकी पोशाखांवर होती, पण ती फोम, रेझिन, लोकर आणि रेशमी कृत्रिम फर यांतून हाताने घडवून रंगवलेली होती. एकही प्राणी न मारता केलेल्या या कामावरही शिकारीचा गौरव केल्याची टीका झाली. त्याच वेळी प्राणिहक्कांसाठी लढणाऱ्या पेटा या संस्थेने मात्र त्याचे कौतुक केले. शिक्षकांचा कल दुसऱ्या उदाहरणाकडे स्पष्ट दिसतो. माझे मत थोडे वेगळे आहे. कारागिरी म्हणून ती डोकी थक्क करणारी आहेत, पण ती काढून ठेवली तर खाली उरणारा पोशाख प्राण्याविषयी काही बोलत नाही. मॅक्वीनच्याच १९९७च्या हिवाळी कलेक्शनमधील जॅकेट पाहावे. त्याच्या खांद्यांतून इम्पाला या आफ्रिकी हरणाची शिंगे वर आली आहेत आणि त्यामुळे मान, खांदा व पाठ यांची ठेवणच बदलते. खरी शिंगे वापरावीत की नाही, हा प्रश्न वेगळा. रचनेच्या दृष्टीने शिंग तिथे कपड्याचा अवयव झाले आहे.

आता अभ्यासक्रमाच्या सर्वांत समृद्ध भागाविषयी. साहित्याच्या पेटीत कोल्ह्याच्या आकाराचे, पॉलियुरेथेन फोमचे अर्धे धड येते. टॅक्सीडर्मीसाठी आज असे तयार साचे सर्रास मिळतात. त्यावर आधी पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचे, मग चिकटपट्टीचे आडवे-उभे थर घट्ट बसवायचे आणि त्या कवचावर पेनाने रेघा ओढायच्या: पोटाच्या मध्यावरची रेघ, कण्याची रेघ, पायाच्या आतल्या बाजूने जाणारी रेघ आणि केसांची दिशा दाखवणारे बाण. मग रेघांवरून कवच कापून ते टेबलावर सपाट पसरायचे. ते सपाट बसत नाही, खांद्याजवळ आणि मांडीजवळ वाडग्यासारखे फुगून राहते. जिथे फुगते तिथे काप द्यायचा आणि तो काप उघडला की जी फट पडते तोच डार्ट, म्हणजे कपड्याला गोलाई देण्यासाठी घेतात ती निमुळती चिमटी. डार्ट हा तक्त्यावरून काढायचा त्रिकोण नसून गोलाई सपाट करताना द्यावी लागणारी किंमत आहे, हे वर्षानुवर्षे शिवणाऱ्यालाही इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते. पुढच्या पाठात हीच कृती माणसाच्या डमीवर करायची असते, पण रेघा मात्र प्राण्याच्या ठेवायच्या, म्हणजे बाजूच्या शिवणी पूर्ण रद्द करून सगळी जोडणी पोटाच्या मध्यावर आणि हाताच्या आतल्या बाजूला आणायची. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, हा प्रकारच उरत नाही. बाही आणि अंग एकाच तुकड्यात येतात.

अशा जॅकेटचा हात वर उचलला की सारा कपडा वर ओढला जातो आणि इथेच टॅक्सीडर्मीचे दुसरे शहाणपण उपयोगी पडते. जिवंत प्राण्याची कातडी काखेत आणि जांघेत सैल असते, तिथे तिच्या घड्या पडतात. नवशिक्या कारागीर ती घट्ट ताणून बसवतो आणि प्राणी फुग्यासारखा दिसतो. मुरलेला कारागीर तिथे जागा सोडतो. जॅकेटच्या काखेत उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेल्या, कापडाचा चौकोनी तुकडा बसवून हीच सैल जागा कशी ठेवावी, हे प्रात्यक्षिक संथपणे, शिवणीची माया किती सोडावी आणि कोपऱ्यावर कात्रीचे टोक नेमके कुठे थांबवावे इथपर्यंत दाखवले आहे. केवळ या दोन पाठांसाठी शुल्क भरावे, असे मी म्हणेन.

कृत्रिम फरचा पाठही असाच हातात काम घेऊन शिकवलेला आहे. फर वरून कात्रीने कापली तर काठावरचे केस आखूड होतात आणि शिवणीवर भादरल्यासारखा पट्टा उमटतो. म्हणून कापड पालथे घालून फक्त मागचे विणकाम ब्लेडने कापायचे. दोन तुकडे जोडताना केस बोटाने आत सारायचे, टीप मारून झाली की सुलट बाजूने जाड सुईने अडकलेले केस एकेक करून बाहेर ओढायचे आणि मग फणी फिरवायची. नीट केले तर शिवण शोधूनही सापडत नाही. प्राण्याच्या अंगावर लव सगळीकडे खाली जात नाही. छातीवर, कोपरावर तिचे भोवरे असतात आणि ते भोवरे कपड्यात आणायचे तर पॅटर्नचे तुकडे वाढवावे लागतात, असे सांगून शिक्षकांनी छातीवरचा एक भोवरा पाच तुकड्यांत जुळवून दाखवला आहे. अॅक्रिलिक आणि मोडअॅक्रिलिक तंतू इस्त्रीखाली वितळतात, ही सूचना मात्र प्रात्यक्षिकाच्या अखेरीस येते. ती सुरुवातीला यायला हवी होती, कारण अनेकांचे तुकडे तोवर करपून झाले होते.

भरतकामाचा पाठ त्रोटक आहे. लांब-आखूड टाक्याने केसांची छटा भरणे दाखवले आहे, पण धाग्याची दिशा वळवण्याचे कसब एवढ्या वेळात शिकून होत नाही.

पेटीतले काचेचे डोळे मात्र निराशा करतात. टॅक्सीडर्मीचा डोळा मागून रंगवलेला असतो आणि पुढे काचेचा घुमट असतो, त्यामुळे बुबुळाला खोली येते. तो पापणीत मातीच्या आधाराने बसवतात, शिवत नाहीत. अभ्यासक्रमात हेच डोळे बटणे म्हणून वापरण्याचा प्रकल्प दिला आहे. त्यांना ना भोके आहेत ना मागे कडी. सोबत दिलेला गोंद काचेला धरतो, कापडाला धरत नाही आणि माझ्या नमुन्यावरचे दोन डोळे कपडा हँगरवर असतानाच गळून पडले. मागे धातूची कडी असलेले डोळे बाजारात मिळतात, ते द्यायला हरकत नव्हती. शिवाय अभिरुचीचा मुद्दा आहेच: पोटावर ओळीने सहा डोळे लावलेला कोट पहिल्यांदा धक्का देतो, दुसऱ्यांदा हसू आणतो आणि तिसऱ्यांदा कंटाळा.

खऱ्या प्राणिज साहित्याविषयीचा पाठ मात्र काळजी वाटावी असा आहे. जुने भरलेले पक्षी, शिंगे, फरचे गळपट्टे जुन्या बाजारातून आणून वापरावेत, असा सल्ला त्यात सहज दिला जातो. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त बेकर याने आर्सेनिक, कापूर, चुना वगैरे घालून केलेला साबण तयार केला आणि तो किंवा त्याची रूपे विसाव्या शतकातही कातड्यांना आतून लावली जात होती. कीड लागू नये म्हणून लावलेले ते विष नमुन्यात तसेच राहते आणि धुळीबरोबर बाहेर येते. संग्रहालयांत असे नमुने हातमोजे घालूनच हाताळतात आणि क्ष-किरणांवर चालणाऱ्या उपकरणाने त्यांची तपासणी करतात. ते अंगावर, मानेजवळ, श्वासाच्या टप्प्यात बसवायला सांगताना याविषयी एक अक्षरही नसावे, हे समजण्यापलीकडचे आहे.

कायद्याचेही तसेच. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील सायटीस हा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला आणि १९७५ पासून अमलात आहे. त्याच्या यादीतील प्राण्याचा अवयव देशाबाहेर नेताना, तो जुन्या टोपीवरचा असला तरी, कागदपत्रे लागू शकतात. अमेरिकेत १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार बहुतेक स्थानिक जंगली पक्ष्यांचे गळून पडलेले पीस उचलून जवळ ठेवणेही परवान्याशिवाय बेकायदा आहे. आपले कलेक्शन दुसऱ्या देशात दाखवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी सांगायला नको का? थेट वर्गात हा प्रश्न मी मांडला, तेव्हा आपापल्या देशाचे नियम पाहून घ्या, एवढेच उत्तर मिळाले. कसर आणि कातडी खाणारे भुंगेरे यांचा उल्लेखही नाही. नवी आणलेली लोकर, पीस किंवा फर बाकीच्या कापडांजवळ ठेवण्याआधी हवाबंद पिशवीत घालून खोल गोठवण्याची पद्धत संग्रहालयांत रूढ आहे आणि ती शिकवायला पाच मिनिटे पुरली असती.

शेवटचा भाग कलेक्शन जुळवण्याचा. सहा पोशाख म्हणजे सहा वेगवेगळे प्राणी नव्हेत, तर एकाच कल्पनेच्या सहा पायऱ्या, ही मांडणी मला पटली. पहिल्या पोशाखात फक्त शिवणींची जागा बदलायची, दुसऱ्यात लवेची दिशा आणायची, मधल्या दोहोंत आतला साचा उघडा पाडायचा, म्हणजे कॅनव्हास, बकरमचे ताठ कापड, बांधणीचा दोरा असे जे एरवी अस्तराखाली झाकले जाते ते बाहेर दाखवायचे आणि प्राण्याची ओळख पटेल असे काही आणायचेच असेल तर ते अखेरच्या पोशाखात. या क्रमामुळे कल्पना ताब्यात राहते. खांद्यावर वजनदार घटक आला तर तो कापडावर न लटकवता आतून कंबरेला घट्ट बसणाऱ्या कमरपट्ट्यावर आणि कॉर्सेटच्या पट्ट्यांवर तोलायचा, हा तपशीलही योग्य जागी येतो. मात्र सगळी प्रात्यक्षिके एकाच मापाच्या सडपातळ डमीवर आहेत. शरीराच्या आकाराप्रमाणे साचा बदलणे हाच ज्या कलेचा प्राण, तिच्यावरचा अभ्यासक्रम एकाच शरीरावर शिकवावा, ही विसंगती खटकते. अंतिम कामावर मिळणारा अभिप्राय चार-पाच ओळींचा असतो. माझ्या वाट्याला आलेल्या अभिप्रायात पॅटर्नविषयी एक नेमकी सूचना होती आणि बाकी स्तुती होती.

प्रवेश घेणाऱ्यांनी इतिहासाचे पाठ दुप्पट वेगाने पाहावेत, चिकटपट्टीच्या कवचाचा सराव स्वतःच्या किंवा घरातील कोणाच्या अंगमापाच्या डमीवर करावा आणि जुने प्राणिज साहित्य वापरण्याचा प्रकल्प सरळ वगळावा. त्याच्या जागी कृत्रिम फर किंवा भरतकाम सादर केले तरी गुण कापले जात नाहीत, असे चालकांनी लेखी कळवले आहे. डोळ्यांची बटणे करायचीच असतील, तर कडी असलेली वेगळी मागवावीत आणि पेटीतला गोंद फोम चिकटवण्यासाठी ठेवावा. तिथे तो उत्तम धरतो.